पायलटची झोप

आमच्या स्टेशनवर त्याला सगळे पायलट म्हणायचे. आता विमानतळावर पायलटांना काय तोटा? रोज येतात, रोज जातात. पण लोडर असो, सिक्युरिटीवाला असो, नाहीतर चहावाला, कुणी 'पायलट आला का' म्हणून विचारलं की तो हाच. बाकीचे सगळे कॅप्टन, नाहीतर सर. हा उस्मानपुऱ्याचा. त्याच्या गल्लीत त्याला पायलट म्हणत आणि त्या गल्लीतला एकजण आमच्याकडं लोडर होता, त्याच्या तोंडून ते नाव चिकलठाण्याच्या विमानतळावर आलं.

मी तिथं ड्युटी मॅनेजर होते. नाव मोठं, लक्षण खोटं. विमान उशिरा आलं की पॅसेंजर माझ्या अंगावर येणार, वेळेवर आलं की मुंबईचं ऑफिस दुसरं काहीतरी उकरून काढणार. वीस-बावीस वर्षं हेच केलं. आता सिडकोत घरी बसलेय, गुडघे धरून. खरं सांगते, त्या नोकरीतलं काही आठवायची इच्छाच होत नाही मला. हा एक सोडून.

तर आधी त्याची उशी. वैमानिक लोकांची ती काळी चौकोनी बॅग असते ना, ती एका हातात आणि दुसऱ्या हातात कापडी पिशवीत उशी. आईनं शिवलेली, सावरीच्या कापसाची. अंगावर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्यावर तीन पट्ट्या, डोक्यावर टोपी आणि काखेत उशी, अशी ही स्वारी. सिक्युरिटीवाले रोज ती दाबून दाबून बघत. एकदा नवीन आलेली एक पोरगी म्हणाली, उसवून दाखवा. हा म्हणाला, "उसवा ना मॅडम. फक्त परत शिवून द्या, मला रात्री लागते." ती बिचारी गोंधळली आणि तिनं उशी सोडून दिली.

झोपेच्या बाबतीत हा माणूस हावरट होता. दारू नाही, तंबाखू नाही, साधं पान नाही. पण दोन फ्लाईटच्या मध्ये वेळ मिळाला की माझ्या केबिनीत यायचा, दोन खुर्च्या जोडायचा, "ताई, जरा पडतो" म्हणायचा आणि मी "पड बाबा" म्हणेपर्यंत घोरायला लागायचा. माणसांची पारखही झोपेवरून करायचा. काउंटरवर कुणी आरडाओरडा करत असलं की लांबूनच मला सांगायचा, "त्याच्याशी भांडू नका ताई, त्याची झोप झालेली नाही." मग मी त्या माणसाला खुर्ची द्यायचे, पाणी द्यायचे, आणि तो खरंच बसल्या जागी पेंगायला लागायचा. "जगात दोनच जाती," पायलट हसत हसत म्हणायचा, "झोप झालेले आणि न झालेले. बाकीच्या लोकांनी उगीच वाढवल्या."

विमानातल्या माईकवर बोलायचं काम त्याच्याकडं असायचं. कंपनीनं ठरवून दिलेली इंग्रजी वाक्यं घडाघडा म्हणून झाली की हा मराठीत सुरू व्हायचा. डावीकडं बघा, देवगिरीचा किल्ला. ढग आहेत, थोडं हलेल, घाबरायचं काम नाही. आणि शेवटी, "ज्यांची रात्री झोप झाली नसेल त्यांनी निवांत झोपा. आम्ही जागे आहोत." पॅसेंजरांना ते फार आवडायचं. म्हाताऱ्या बायका उतरताना त्याला बघायला थांबायच्या. कंपनीला आवडलं नाही. असलं काही बोलायचं नाही, असं मुंबईहून कळवण्यात आलं. दोन-तीन दिवस तो गप्प राहिला आणि मग पुन्हा सुरू झाला.

हे वेड त्याला कुठून लागलं ते कळायला आमच्या कंपनीचा कारभार सांगावा लागेल. कंपनी लहान, पंख्यांची विमानं. संध्याकाळी मुंबईहून विमान यायचं, रात्री इथं मुक्काम करायचं आणि पहाटे परत जायचं. विमानात दोन वैमानिक. डाव्या सीटवर कॅप्टन, त्याच्या खांद्यावर चार पट्ट्या. उजव्या सीटवर को-पायलट, त्याच्या तीन. आमचे कॅप्टन बहुतेक बाहेरच्या देशातले, कॉन्ट्रॅक्टवर आणलेले. को-पायलट सगळी आपली पोरं. त्यांचे उड्डाणाचे तास भरलेले, परीक्षा पास झालेल्या, पण कॅप्टनच्या ट्रेनिंगचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं, "पुढच्या बॅचला बघू." पुढची बॅच यायची वेळ झाली की कुणीतरी नवीन गोरा येऊन डाव्या सीटवर बसलेला असायचा. पायलट सहा वर्षं उजवीकडंच बसून होता.

गोऱ्यांचं सगळं कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलेलं. सहा आठवडे काम, मग घरी जायला सुट्टी, जाण्यायेण्याचं तिकीट कंपनीचं. त्यांची सुट्टी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आपल्या पोरांची सुट्टी फोनवर रद्द व्हायची. बहिणीचं लग्न असो की बाप दवाखान्यात असो, "ॲडजस्ट करा ना प्लीज." गोऱ्याला एअरपोर्टपासून हॉटेलपर्यंत वेगळी गाडी. मागच्या गाडीत को-पायलट आणि एअर होस्टेस पोरी, सामानासकट कोंबलेल्या. नाश्त्याचे डबेसुद्धा वेगळे यायचे. गोऱ्याला उकडलेली अंडी, फळं, चीज. यांना गारढोण सँडविच. ते डबे माझ्याच ताब्यात यायचे, म्हणून मला माहीत.

पायलटच्या बाबतीत तर आणखी पुढचं पाऊल. नियम असा, की ज्याचा तळ मुंबईला आहे त्याला दुसऱ्या गावी मुक्काम पडला तर कंपनीनं खोली द्यायची. पायलटचा तळ मुंबईच. पण मुक्काम पडायचा तो त्याच्या स्वतःच्या गावात. रोस्टर, म्हणजे ड्युट्यांचं वेळापत्रक, लावणाऱ्या साहेबांच्या हे लक्षात आलं आणि त्यांनी त्याची खोली काढून टाकली. तुमचं घर आहे ना तिथं, मग खोली कशाला? ऐकणाऱ्याला पटतंच.

मी एकदा त्याच्या घरी गेले होते. खाली दोन खोल्या, वर पत्र्याची एक. आई, दोन भाऊ, भावजया, त्यांची लेकरं. पायलट मुक्कामाला आला की शेजारी येणार, चुलते येणार, ज्याच्या पोराला वैमानिक व्हायचंय तो पोराची सर्टिफिकिटं घेऊन येणार. आणि आईला वाटायचं, लेकरू इमानातून आलंय, उपाशी असंल. ती चुलीपाशी बसायची ती उठायचीच नाही. भावजय म्हणाली, आत्या, निजू द्या त्यांना. तर म्हणते, "निजंल की. कुटं पळून चाललाय? आदी रस्सा तर खाऊ दे."

मग तो झोप शोधत हर्सूलला मामाकडं जायला लागला. मामाचं घर जेलच्या भिंतीच्या अंगाला. पहिल्यांदा तिथं झोपून आला तेव्हा सकाळी असा खुशीत होता! "ताई, काय शांतता! आत सगळे वेळेवर झोपतात. कैद्यांचा रोस्टर आपल्यापेक्षा बरा आहे." एअरपोर्ट शहराच्या एका टोकाला, हर्सूल दुसऱ्या. तरी रिक्षा करून जायचा. दमलेला माणूस झोपेपायी आणखी दमायचा.

त्याआधी त्यानं दोनदा स्वतःच्या खिशातून हॉटेलात खोली घेतली होती. तर मुंबईहून उलट शाबासकी आली, बघा, आपली मुलं कशी सांभाळून घेतात. त्या दिवशी तो जो पेटला! "आता खोली कंपनीनंच द्यायची. नाहीतर मी हॉटेलात जाऊन बसणार." मला वाटलं, बोलण्याच्या भरात बोलला. पुढच्याच मुक्कामाला जालना रोडवरच्या त्या मोठ्या हॉटेलातनं मॅनेजरचा फोन. "मॅडम, आपके एक साब लॉबी में बैठे सो हैं. युनिफॉर्म में. गोद में तकिया है. क्या करना बोलो?"

मी गेले तर खरंच. झुंबराखालच्या सोफ्यावर टोपी घालून ताठ बसलेला, मांडीवर उशी. येणारेजाणारे वळून वळून बघतायत. मी म्हणलं, "अरे, लाज कशी वाटत नाही तुला? घर इथं असून?" तर म्हणाला, "घर माझं आहे ताई, ड्युटी कंपनीची आहे. आणि माझी झोप ड्युटीत येते." मी पण बसले शेजारी.

तेवढ्यात त्याची आई आली, रिक्षातनं, डबा घेऊन. दारावरच्या माणसानं विचारलं, कुणाकडं जायचंय आजी? "पायलटकडं," म्हणाली आणि त्याला हातानं बाजूला सारून आत आली. सोफा तिला पटला नाही, "रुततंय" म्हणाली. खाली फरशीवर फतकल मारून तिनं डबा सोडला. भाकरी, वांगं, ठेचा. त्या वातानुकूलित लॉबीत लसणाचा असा घमघमाट सुटला की काउंटरवरची पोरगी पण वाकून बघायला लागली.

नेमका तेव्हाच गोरा कॅप्टन पोहायला म्हणून खाली आला, खांद्यावर टॉवेल टाकून. हा पोर्तुगालकडचा, साठीला आलेला, धिप्पाड आणि मवाळ. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. काय चाललंय म्हणून त्यानं विचारलं, पायलटनं सांगितलं. गोरा म्हणाला, माझ्या खोलीत दोन पलंग आहेत, चल. पायलट म्हणाला, "थँक यू कॅप्टन, पण मला तुमच्या खोलीत जागा नको. मला माझी खोली पाहिजे." गोरा मग तिथंच टेकला. म्हातारीनं त्याच्याही हातावर भाकरी ठेवली, वर ठेचा. त्यानं एक घास खाल्ला आणि डोळ्यांतनं घळाघळा पाणी. म्हातारी घाबरली. "आगं माय, दही आणा रं कुणी तरी! लेकराला सवय नाय." मग मला हळूच म्हणते, "ह्याची माय कुटं आसंल वो बाई? येवढ्या लांब धाडलं लेकराला." साठीचा बाप्या, आणि हिचं लेकरू! मी हसून हसून मेले. शेवटी हॉटेलवाल्यानंच पायलटला मागच्या बाजूची एक बिनखिडकीची खोली दिली, फुकट. दुसऱ्या दिवशी मुंबईनं मला फोनवर झाप झाप झापलं.

त्यानंतर लग्नसराई लागली. एका रात्री हॉटेलच्या लॉनवर मोठं लग्न झालं, बँड, फटाके, सगळं. पहाटे गोऱ्याचा फोन, माझी झोप झालेली नाही, मी विमान उडवणार नाही. झालं! मुंबईहून लगेच हुकूम सुटला, कॅप्टनना विश्रांती घेऊ द्या, विमान दुपारी निघेल, पॅसेंजरांना तांत्रिक कारण सांगा. मी भरल्या टर्मिनलमध्ये तांत्रिक कारण, तांत्रिक कारण करत उभी राहिले. दुपारी कॅप्टनच्या खोलीवर कंपनीकडून फळांची परडी गेली आणि त्याची खोली बदलून आतल्या बाजूची दिली. आणि गोऱ्याचं काही चुकलं नव्हतं हो. न झोपलेल्या माणसानं विमान उडवू नये, नियमातच आहे तसं. पायलटला तर आनंद झाला. "बघा ताई, म्हणजे नियम चालतो!" त्याच्या भोळेपणाचा मला रागच आला.

आता एप्रिलचं सांगते. त्या वर्षी त्याचं नाव अखेर बॅचमध्ये आलं होतं. मे महिन्यात ट्रेनिंग आणि मग चौथी पट्टी. आईनं गल्लीभर सांगून ठेवलेलं. तिला विमानातलं काही कळत नव्हतं, पण डावी सीट मालकाची आणि उजवी गड्याची एवढं तिनं स्वतःच ठरवलं होतं आणि लेक आता डावीकडं बसणार म्हणून तिचे पाय जमिनीवर नव्हते.

आणि रोस्टर आला. तेरा एप्रिलचा मुक्काम इथं, चौदाची पहाटेची फ्लाईट. आमच्या शहरात ज्याला तेरा एप्रिलची रात्र माहीत नाही तो माणूस इथला नव्हेच. बाबासाहेबांची जयंती. रात्री बारापासून सगळं गाव रस्त्यावर. उस्मानपुऱ्यात तर त्या रात्री झोपणं हाच गुन्हा. त्यात पायलटची आई महिला मंडळाची पुढारी. भोजनदानाची पातेली, तांदळाची पोती, निळे झेंडे, सगळं हिच्या घरात, आणि बायका रात्रभर कांदे चिरत, गाणी म्हणत बसलेल्या. दारासमोर डीजे.

पायलटनं आधी रजा मागितली. नाही. मुक्काम बदला म्हणाला. नाही. मग म्हणाला, निदान त्या एका रात्रीची खोली द्या. मीसुद्धा मुंबईला फोन केला. रोस्टरचे साहेब म्हणाले, "एका रात्रीचा काय एवढा इश्यू? घरच्यांना सांगा म्हणावं, आवाज कमी ठेवा." मी ते जसंच्या तसं पायलटला सांगितलं. "जयंतीच्या रात्री आईला सांगू, आवाज कमी ठेव? माझी काय बिशाद आहे ताई?"

मी म्हणलं, सोड तुझा हट्ट, या खेपेला पैसे देऊन खोली घे. त्यानं तेही करून बघितलं, पण लग्नांमुळं हॉटेलं सगळी भरलेली. मग उशी घेऊन हर्सूलला गेला. तर मामाच्या दाराला कुलूप. मामा, मामी, झाडून सगळे उस्मानपुऱ्याला, याच्याच आईच्या मदतीला आलेले. आला मग परत घरी, आणि पत्र्याच्या खोलीत पडून राहिला. वरचे पत्रे डीजेनं थडथड वाजतायत आणि खाली आई टाळ्या वाजवून गातेय. त्या आठवड्यात त्याच्या दोन सुट्ट्या कंपनीनं आधीच खाल्लेल्या, ते वेगळंच.

पहाटे तो एअरपोर्टला आला. इस्त्री कडक, दाढी केलेली, पण डोळे तांबारलेले आणि चेहरा पार ओढलेला. माझ्याशी बोलला नाही. सरळ डॉक्टरच्या टेबलाशी गेला. फ्लाईटच्या आधी वैमानिकाला एका नळीत फुंकावं लागतं, दारू घेतलीय का ते कळायला. त्यानं फुंकलं. शून्य. म्हणाला, डॉक्टर, परत एकदा. परत शून्य. मग माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"ताई, आता बोलतो. माझी झोप झालेली नाही. मी आज उडणार नाही."

त्यानं आधी का फुंकलं हे माझ्या डोक्यात जरा उशिरा शिरलं. जयंतीच्या सकाळी उस्मानपुऱ्याचा माणूस काहीही बोलला तरी लोक आधी त्याच्या तोंडाचा वास घेणार, हे त्याला ठाऊक होतं. खरं बोलायला एवढी तयारी करून यावं लागतं का रे माणसाला?

तरी मी म्हणलंच, "अरे, तोंडावर बॅच आलीय तुझी. तासाभराची तर फ्लाईट. गोरा आहे शेजारी. जाऊन ये गपचूप."

"मागं सत्तर माणसं बसणार," तो म्हणाला. "त्यांना विचारा, चालतंय का."

काउंटरसमोर लाईन लागली होती. पहिलीच बाई लेकराला कडेवर घेऊन उभी होती. मी मुंबईला फोन लावला.

साहेबांचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. "रात्रभर नाचला असेल डीजेपुढं. सणच साजरे करायचे तर नोकऱ्या कशाला करतात ही लोकं?" मी म्हणलं, साहेब, टेस्ट शून्य आली, दोनदा. म्हणाले, "नाचायला दारूच लागते असं कुठाय?" त्यावर मी जे बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही. माझ्या बोलण्याचा उपयोगही काही झाला नाही. दुपारी मुंबईहून दुसरे वैमानिक आले आणि विमान घेऊन गेले. तोवर मी आपली तांत्रिक कारण सांगत उभी. पायलट माझ्या केबिनीत दोन खुर्च्यांवर मेल्यासारखा झोपला होता.

गोऱ्याला सुट्टीच मिळाली. को-पायलटशिवाय तो तरी काय करणार? हॉटेलवर परत गेला, अंडी खाल्ली आणि गाडी करून अजिंठ्याला लेणी बघायला गेला. एकदा जाऊन या, असं पायलटनंच त्याला कधीतरी सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी मला भेटला तर म्हणाला, लेणी फार सुंदर आहेत, आणि त्याला सांगा, त्यानं बरोबर केलं. मी म्हणलं, हे मला नको सांगू बाबा, मुंबईला सांग. त्यानं खांदे उडवले. त्याची घरी जायची सुट्टी आठवड्यावर आली होती, तो कशाला कुणाशी वाकडं घेईल?

काही दिवसांनी साहेब स्वतः आले. माझ्याच केबिनीत बसले, पायलटला समोर बसवलं. आवाज एकदम मायेचा. "हे बघ, तुझं करिअर माझ्या हातून खराब व्हावं अशी माझी इच्छा नाही. घरी कार्यक्रम होता, जागरण झालं, चूक झाली, पुन्हा होणार नाही. एवढं बोल. मी सांभाळून घेतो, तू मेच्या बॅचला जा."

"कार्यक्रम नव्हता सर. जयंती होती."

"तेच रे."

"आणि चूक माझी नव्हती. रजा मागितली, तुम्ही दिली नाही. खोली मागितली, तीही दिली नाही."

"हट्ट करू नकोस. चार पट्ट्या बघून तुझ्या आईला किती आनंद होईल, विचार कर."

तिथं साहेब चुकले. आईचं नाव काढायला नको होतं. पायलट उठून उभा राहिला. "सर, जयंतीची माफी मागून आणलेली पट्टी मी आईला कोणत्या तोंडानं दाखवू?"

साहेबांनी घड्याळ बघितलं, गाडी मागवली. संध्याकाळपर्यंत बॅचमधून त्याचं नाव गेलं. जूनमध्ये दोन नवे गोरे आले.

मला राहवलं नाही, मी त्याच्या घरी जाऊन आईला सगळं सांगितलं. त्यानं तिला एवढंच सांगितलं होतं की बॅच पुढं गेली. म्हातारी तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "बाई, आमी गप बसलो असतो की येक रात. बाबासाहेब काय रागावले असते व्हय? लेकराच्या झोपंसाठी? त्यानं सांगायचं तरी व्हतं." सुपात आणखी मूठभर तांदूळ ओढले आणि पुन्हा तेच, "सांगायचं तरी व्हतं." पायलटला हे कळलं तेव्हा तो माझ्यावर असा चिडला की महिनाभर माझ्या केबिनीत आला नाही.

मग त्यानं राजीनामा दिला आणि आफ्रिकेतल्या एका लहानशा देशात निघून गेला. तिथल्या कंपनीत दोनेक वर्षांत कॅप्टन झाला. चार पट्ट्यांचा फोटो आला, तो आईनं बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली लावला. मला बोलावून दाखवला. मला रडू आलं, तीही रडली, आणि मग दोघींनी चहा घेतला.

यंदा जयंतीला तो आला होता. रजा मागावी लागली नाही, कॉन्ट्रॅक्टमध्येच आहे आता त्याच्या. सहा आठवडे काम, मग घर, तिकीट कंपनीचं. दुपारचा माझ्याकडं सिडकोत आला. अंगानं भरलाय, कानाजवळ केस पिकलेत. मी म्हणलं, "काय कॅप्टन, मजा आहे बुवा!"

"आहे ना," तो म्हणाला. "मोठी खोली आहे, वेगळी गाडी आहे. तिथं मी गोरा आहे ताई."

मी खो खो हसले. तो नाही हसला. चहाचा कप खाली ठेवून सांगायला लागला. त्याचा को-पायलट तिथलाच एक पोरगा आहे. मुक्काम त्या पोराच्याच गावात पडतो, म्हणून त्याला खोली नाही. घर आहे ना तिथं.

"मग तू बोल की कंपनीला!" मी एकदम भडकले. "तू कॅप्टन आहेस आता!"

"दोनदा बोललो. म्हणाले, कॅप्टन, तुमच्या खोलीबद्दल काही तक्रार असेल तर सांगा." त्यानं कप पुन्हा उचलला. "मागच्या महिन्यात त्याच्या गल्लीत काहीतरी होतं. लग्न होतं की मयत, मला माहीत नाही. ढोल पार हॉटेलपर्यंत ऐकू येत होते. मी खिडकी लावून घेतली. झोपलो, ताई. चांगली गाढ झोप लागली मला. सकाळी तो आला. शर्टाला कडक इस्त्री, दाढी केलेली. डोळे लाल."

"मग?"

"शेजारी बसला, चेकलिस्ट वाचायला लागला."

"आणि तू?"

त्यानं कप परत खाली ठेवला.

"मी त्याला विचारलंच नाही, झोप झाली का म्हणून. विचारलं असतं तर त्यानं खरं सांगितलं असतं."